बर्फ, चिखल आणि जुना लहान ट्रॅक्टर

कारंजा लाडसारख्या गावी सारा जन्म काढलेल्या मनुष्याने बर्फ हटविण्याच्या यंत्राविषयी बोलावे, हे पुष्कळांना विनोदाचे वाटेल. आम्ही बर्फ पाहिला तो रसवंतीच्या पेटीत, लाकडाच्या भुशात गुंडाळलेला. किंवा फाल्गुनात गारपीट होऊन गव्हाची नासाडी झाली म्हणजे अंगणात पसरलेला. तथापि माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेच्या उत्तर भागात राहतो. त्याच्या घरापासून सडकेपर्यंतची वाट हिवाळ्यात गुडघाभर बर्फाखाली जाते, आणि ती मोकळी करण्यास त्याच्याजवळ एक लहानसा ट्रॅक्टर आहे, जो वयाने त्याच्याहूनही वडील आहे. या ट्रॅक्टरविषयी त्याने मला लांबलचक पत्र लिहिले. त्यात एक वाक्य असे होते की, गुरुजी, तुमच्या पांदणीतला चिखल आणि माझ्या दारातला बर्फ हे सख्खे भाऊ आहेत. प्रथम मला ही पोरकट उपमा वाटली. पुढे अनुभवाने तिच्यातील तथ्य कळले, आणि तेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम हा ट्रॅक्टर कोणता, ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घराभोवती मोठी आवारे राखण्याची चाल वाढली आणि त्या आवारांसाठी शेतीच्या ट्रॅक्टरची जणू पिल्ले शोभावीत अशी यंत्रे निघाली. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली ‘कब कॅडेट’ काढला, तर जॉन डिअर कंपनीने १९६३ साली ‘११०’ या क्रमांकाचा. दोहोंची शक्ती आरंभी अवघी सात अश्वशक्ती होती. उन्हाळ्यात पोटाखाली पाती लावून गवत कापावे, हिवाळ्यात तोंडापुढे आडवे पाते लावून बर्फ ढकलावा, असा त्यांचा दुहेरी उपयोग. त्यांतील कित्येक यंत्रे साठ वर्षे उलटली तरी कामावर आहेत. बिडाचे जाड ओतकाम, एकच सिलिंडर, आणि प्रत्येक भाग असा की पान्हा घेतलेल्या माणसाचा हात तेथवर पोहोचावा, हे त्यांच्या दीर्घायुष्याचे रहस्य होय.

लहान ट्रॅक्टर बर्फात काय करू शकतो याची एक गोष्ट मी वर्गात सांगत असे. एव्हरेस्टवर १९५३ साली तेनसिंगसह प्रथम पाऊल ठेवणारा एडमंड हिलरी पुढे दक्षिण ध्रुवावर गेला, तो ट्रॅक्टरवर बसून. इंग्लंडात १९४६ ते १९५६ या काळात तयार होत असलेला फर्ग्युसन कंपनीचा करड्या रंगाचा लहान ट्रॅक्टर त्याने निवडला, चाकांभोवती पोलादी पट्टे चढविले, आणि असे तीन ट्रॅक्टर ४ जानेवारी १९५८ रोजी ध्रुवावर नेऊन उभे केले. मुलांना हिलरीचे कौतुक वाटे. मला मात्र त्या यंत्रांचे नटबोल्ट रोज रात्री तपासणाऱ्या माणसांचे वाटे.

आता कारंज्याकडे येऊ. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. त्यावरून मोटारी वाऱ्यासारख्या धावतात. त्या महामार्गापासून थोडे आत वळावे, म्हणजे पांदण लागते. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांमधून शेताकडे व वस्तीकडे जाणारी वाट. पिढ्यानपिढ्या बैलगाड्यांच्या धावांनी व पुढे ट्रॅक्टरच्या चाकांनी ती खोल खोल होत गेली, इतकी की बहुतेक ठिकाणी ती आजूबाजूच्या शेतांहून हात-दीड हात खाली आहे. पाऊस पडला की साऱ्या शेतांचे पाणी तिच्यात उतरते आणि वाटेचा नाला होतो. आमची जमीन काळी, कपाशीची. कोरडी असता ती भेगाळून दगडासारखी होते. पाणी प्याली की फुगते, आणि चाकाला अशी चिकटते की चाकाचे चाकपणच नाहीसे होते. राज्य शासनाने २०२१ साली शेतरस्ते व पाणंद रस्ते यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली व तिच्यातून कामे झाली. परंतु मुरूम पडलेली पांदणदेखील दरवर्षी निगा मागते, आणि मुरूम न पडलेली तर अधिकच.

मी शिक्षक असताना पांदणीचा चिखल मला हजेरीपटावर दिसे. जुलै-ऑगस्टचे रकाने पाहावेत: वस्तीवरच्या मुलांच्या नावांपुढे शून्ये. मुली तर एकदा खंडल्या की पोळ्यापर्यंत येतच नसत, आणि त्यांतील काही पुन्हा आल्याच नाहीत.

निवृत्तीनंतर आमच्या पांदणीवरच्या सात शेतकऱ्यांनी मिळून एक जुना पंचवीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतला. एच. एम. टी. कंपनीने झेकोस्लोव्हाकियातील झेटरच्या धर्तीवर १९७१ पासून पिंजोर येथे जे ट्रॅक्टर बनविण्यास आरंभ केला, त्या जातीचा. हा कारखाना २०१६ साली बंद करण्याचा निर्णय झाला, तरी सुटे भाग लुधियान्याकडून अद्याप येतात. त्याच्या मागे तीन दांड्यांवर उचलता येणारे एक लोखंडी पाते गावच्या लोहाराकडून व वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले. अमेरिकेतील माझ्या विद्यार्थ्याचे पाते पुढे, आमचे मागे, एवढाच फरक. पहिल्या वर्षी पांदण वैशाखातच नीट केली आणि त्या पावसाळ्यात दुधाची मोटारसायकल वस्तीपर्यंत गेली. सर्वांनी आमची वाहवा केली. वाहवेने जे व्हावयाचे तेच झाले, म्हणजे आम्ही गाफील झालो.

दुसऱ्या वर्षी ट्रॅक्टर मार्गशीर्षापासून लिंबाखाली उभा राहिला. फाल्गुनात गारपिटीसह पाऊस झाला. ट्रॅक्टरचे धुराडे आकाशाकडे उघडे होते. त्यातून पाणी आत उतरले, इंजिनात गंज धरला आणि पिस्टन जागच्या जागी आवळला गेला. वैशाखात कोणी पाहिले नाही, कारण लग्नसराई होती. रोहिणी सरताना किल्ली फिरविली तेव्हा बॅटरी मेलेली. दुसरी आणून लावली, तर इंजिन ढिम्म. “गुरुजी, हे तं हालूनच नाही राह्यलं,” असे एकाने सांगितले, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला. त्याच आठवड्यात शेजाऱ्याची लेक बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. तिला रात्री कळा लागल्या. १०८ ची गाडी डांबरी सडकेवर येऊन थांबली, पुढे येऊ शकली नाही. चार जणांनी खाटेवर तिला उचलले. मांडीपर्यंत चिखलातून दोन किलोमीटर चालावयाचे होते. अर्ध्या वाटेत, बाभळीखाली, दोन छत्र्यांच्या आडोशाला मूल झाले. दैव बलवत्तर म्हणून दोघेही वाचली. त्या मुलाचे आजोबा त्याला लाडाने ‘चिखल्या’ म्हणतात आणि ऐकणारे हसतात. त्या नावाला मला आजवर हसता आलेले नाही. धुराड्यावर पालथा घालावयाचा एक रिकामा डबा आमच्याने झाला नव्हता.

म्हणून या यंत्राची निगा सांगताना मी इंजिनापासून आरंभ न करता दिवसांपासून करतो. बर्फाच्या देशातील जाणते लोक बर्फ पडावयास लागताच पाते फिरवितात. पुष्कळ साचण्याची वाट पाहत नाहीत. कारण चाकांखाली तुडविला गेलेला बर्फ घट्ट होतो, आणि मग त्याला पाते लागत नाही. शिवाय पहिल्या खेपेसच तो वाटेपासून पुष्कळ दूर ढकलतात, म्हणजे पुढल्या खेपेच्या बर्फाला जागा उरते. आमच्या चिखलाचे गणित याहून थोडे निराळे आहे. ओल्या काळ्या मातीवर पाते चालविणे ही शुद्ध मूर्खता होय. माती पात्याला चिकटते, चाके रुततात, आणि जी वाट दोन दिवसांनी वाळली असती तिच्यात हातभर खोल चाकोऱ्या पडतात. काम करावयाचे ते पावसापूर्वी, वैशाखात; आणि पावसाळ्यात उघडीप मिळून वाफसा आला की त्याच दिवशी. वाफसा कसा ओळखावा हे शेतकऱ्याला सांगणे नको. माती मुठीत दाबली असता गोळा व्हावा, पण बोटांना माखू नये, आणि टाकला असता फुटावा. हा दिवस चुकला तर पुढे कडक चाकोऱ्यांवर पाते नुसते उड्या मारते.

वैशाखातील काम असे असावे. पाते तिरपे लावून दोन्ही कडांची माती मध्याकडे ओढावी, म्हणजे वाट मध्ये उंच व दोहों बाजूंस उतरती होते. माशाची पाठ असते तशी. कडेने नाली राखावी आणि ती कोठेतरी ओढ्यास मिळवून द्यावी. नाली जर कोणाच्या धुऱ्यापाशी आंधळी संपली, तर पहिल्या पावसातच भांडण उभे राहील, आणि भांडणात सापडलेली पांदण मुरुमानेही सुधारत नाही. एका फेरीत फार खोल माती ओढण्याचा हव्यास धरू नये. चार बोटे माती तीन फेऱ्यांत ओढावी. पात्याची धार बोल्टांनी बसविलेली वेगळी पट्टी असावी, म्हणजे एक कड झिजली की पट्टी उलटी करून दुसरी वापरता येते. जेथे मुरूम पडलेला आहे तेथे पात्याखाली दोन्ही टोकांना लोखंडी खडावा बसवाव्यात. हीच युक्ती बर्फवाले वाटेवरची खडी उचलली जाऊ नये म्हणून करतात.

यानंतर वजनाचा प्रश्न. लोक अश्वशक्ती विचारतात. काम मात्र जमिनीवरच्या पकडीने होते. सात अश्वशक्तीचे यंत्र पुरुषभर रुंदीचा बर्फ ढकलते, कारण त्याच्या मागल्या चाकांना साखळ्या बांधलेल्या असतात आणि चाकांवर लोखंडी चकत्यांचे वजन चढविलेले असते. आमच्याकडे साखळ्या नकोत. त्या वाट उकरतात. भातशेतीतील लोखंडी जाळीची चाकेही पांदणीवर आणू नयेत. मागल्या टायरांत पाणी भरावे, हा सर्वांत स्वस्त उपाय. चाक जॅकवर उचलून व्हॉल्व्ह अगदी वर येईल असे फिरवावे, आणि पाणी व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण तीनचतुर्थांश भरावे. वरची जागा हवेसाठी सोडावी, नाहीतर टायर लाकडासारखा ताठ होतो. या आकाराच्या ट्रॅक्टरच्या दोन चाकांत मिळून पाव टनाहून अधिक वजन असे फुकट मिळते. थंड देशांत ते पाणी गोठू नये म्हणून कॅल्शियम क्लोराइड मिसळतात, आणि ते झिरपले की चाकाची रिंग खाऊन टाकते. आपल्याकडे साध्या पाण्यावर भागते. कारंज्याच्या उन्हाने आम्हांस दिलेल्या थोड्या सवलतींपैकी ही एक होय.

इंजिनाच्या बाबतीत चार शत्रू ध्यानात ठेवावे: धूळ, पाणी, हवा आणि उंदीर. जुन्या ट्रॅक्टरांना तेलाचा एअर क्लीनर असतो. आत जाणारी हवा खालच्या वाटीतील तेलावरून जाते व धूळ तेथेच राहते. वैशाखात पांदणीवर काम करताना ही वाटी रोज उघडून पाहावी. तळाशी चिखल बसला असेल तर धुऊन नवे तेल घालावे, आणि ते खुणेपर्यंतच. अधिक घातले तर इंजिन ते तेल ओढून घेते आणि डिझेलऐवजी त्यावरच पळू लागते, ते बंद करणे मग चालकाच्या हाती राहत नाही. रेडिएटरच्या जाळीत कपाशीची रुई व गवताचे बी अडकते. आतून बाहेर असे पाणी मारून ते काढावे. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षार धरतो, म्हणून तयार कूलंट घालावे किंवा स्वच्छ, मऊ पाणी वापरावे.

पाणी डिझेलमध्ये येते ते टाकी अर्धी रिकामी ठेवल्यामुळे. दिवसरात्रीच्या उष्णतेतील फरकाने टाकीच्या आतल्या बाजूस दव धरते. म्हणून ट्रॅक्टर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवावी, आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी फिल्टरच्या तळाचा बोल्ट सैल करून तळाचे पाणी सोडून द्यावे. टाकी कधी पूर्ण आटू देऊ नये. नळीत हवा शिरली की इंजिन खोकते आणि बंद पडते. मग फिल्टरवरचा लहान स्क्रू सैल करून हातपंप मारीत राहावे. प्रथम फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळावा. यालाच मिस्त्री लोक एअर काढणे म्हणतात. मी साठीनंतर हे शिकलो आणि कोणालाही एका दुपारी शिकविता येईल. माझ्या त्या विद्यार्थ्याचे यंत्र पेट्रोलवर चालते, आणि त्याचे दुखणे उलट आहे. जुने पेट्रोल महिनोन्महिने राहिले की त्याचा चिकट डिंक होऊन कार्ब्युरेटरची बारीक भोके बुजतात. इथेनॉलमिश्रित पेट्रोल तर हवेतील ओल शोषून घेते व जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून तो हंगामाअखेर टाकी रिती करतो. आम्ही भरतो, तो रिती करतो. कारण दोघांचेही योग्य आहे.

यंत्र झोपविणे हीही एक विद्या आहे. इंजिनातील तेल हंगामाच्या आरंभी नव्हे, तर शेवटी बदलावे. वापरलेल्या तेलात आम्ल व ओल उतरलेली असते, आणि ती सहा महिने बेअरिंगांवर बसून राहिली तर आपले काम मुकाट्याने करते. नवे तेल घालून इंजिन चांगले तापेपर्यंत चालवावे, मग बंद करावे. क्लचचा पेडल खाली दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवावा, नाहीतर पावसाळी हवेत चकत्या एकमेकींस चिकटतात. बॅटरी काढून घरात ठेवावी, महिन्यातून एकदा भारावी, आणि हायड्रोमीटरने द्रावणाची घनता १.२५ च्या आसपास आहे ना ते पाहावे. ग्रीस प्रत्येक निपलमध्ये जुने बाहेर पडेपर्यंत द्यावे. विशेषतः पुढल्या ॲक्सलमध्ये, जेथे चिखलाचा मारा अधिक. वायरी उंदरांस फार प्रिय आहेत. बॉनेटखाली धान्याचा दाणा किंवा कडब्याचे पान राहू देऊ नये, आणि पंधरा दिवसांनी एकदा बॉनेट उघडून पाहावे. आमच्या ट्रॅक्टरचा तासांचा काटा केव्हाच बंद पडला आहे, म्हणून मी एक शंभरपानी वही घातली. कोणी किती तास चालविला, डिझेल किती, तेल केव्हा बदलले, हे चालविणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहावयाचे. आरंभी लोकांना ही मास्तरकी वाटली. आता वहीत नोंद नसेल तर पुढचा मनुष्य किल्ली घेत नाही.

एका धोक्याविषयी मात्र मी थट्टा करणार नाही. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यास चालकाला वाचविणारी लोखंडी कमान नसते. पांदणीची कड पाण्याने आतून पोकळ झालेली असते. म्हणून नालीपासून हातभर दूर चालवावे. अडकलेली गाडी ओढताना साखळी मागच्या खालच्या हुकालाच बांधावी, वरच्या दांड्याला किंवा ॲक्सलला कधीही नव्हे. साखळी उंच बांधली आणि ओझे हलले नाही, तर चाके जमिनीत रुतून ट्रॅक्टर पुढून उचलला जातो आणि पाहता पाहता चालकावर पालथा होतो. त्यास दोन क्षणही लागत नाहीत, तेवढ्यात उडी मारणे कोणालाही साधत नाही. आणि मडगार्डवर पोरांना बसविण्याची जी आमच्याकडे हौस आहे, ती सोडून द्यावी. मी स्वतः माझ्या नातवाला खाली उतरविले तेव्हा तो दिवसभर बोलला नाही.

जुन्या यंत्रांवर लोक हसतात तेव्हा मला आमची शकुंतला आठवते. मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या मार्गावरील ही गाडी कारंज्यावरून जाई. तिचे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टर येथे तयार झालेले, १९२३ साली कामावर रुजू झालेले, आणि निवृत्त झाले ते १५ एप्रिल १९९४ रोजी. सत्तर वर्षे ते ओढीत राहिले, कारण त्याला रोज तेल घालणारी आणि रोज पुसणारी माणसे होती. आज तिचे रूळ गवतात आहेत.

आमचा ट्रॅक्टर मात्र दुरुस्त झाला. पिस्टन व स्लीव्ह बदलावे लागले, खर्च सात जणांत वाटला गेला, आणि त्यात शेजाऱ्याने न मागता सर्वांच्या आधी आपला वाटा आणून दिला. दसऱ्याला त्याची पूजा होते, तेव्हा हार व नारळ बाकीचे आणतात. मी एक रिकामा डबा घेऊन जातो, आणि पूजा आटोपली की धुराड्यावर पालथा घालून, वाऱ्याने उडू नये म्हणून तारेने बांधून येतो.